शंभरपर्यंत म्हणता आलं म्हणजे मोजता आलं, असं नाही

ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या टॉवरांपासून नवी मुंबईतल्या खारघरच्या सेक्टरांपर्यंत, सोसायट्यांच्या पालक-ग्रुपवर एक मेसेज फिरत असतो. मजकूर साधारण असा: तीन वर्षांच्या मुलाला १ ते १०० यायलाच हवं; रोज फ्लॅशकार्ड दाखवा किंवा मोजणीचं अ‍ॅप लावा; बोटांवर मोजू देऊ नका, वाईट सवय लागते; गणिताचं किट घ्या; पाच वर्षांपर्यंत मेंदूची ९० टक्के वाढ होऊन जाते, नंतर उशीर झालेला असतो. पुढे पाठवणाऱ्यांची काळजी खरी आहे. सल्ला मात्र चुकीचा आहे, म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘तीन वर्षांपर्यंत शंभर’

शंभरपर्यंत घडाघडा म्हणणारं अडीच-तीन वर्षांचं मूल समोर बसवा. टोपलीत सहा लिंबं ठेवा आणि म्हणा, “मला दोन दे.” बरीच मुलं हाताला लागतील तेवढी उचलून देतात. मग विचारा, “किती आहेत?” मूल लिंबांवर बोट ठेवत म्हणेल, “एक, दोन, तीन, चार, पाच, सहा.” लगेच विचारा, “मग किती झाली?” ते पुन्हा “एक, दोन, तीन…” सुरू करतं. त्याच्या लेखी ‘किती’ म्हणजे ‘म्हणून दाखव’. शेवटी आलेला ‘सहा’ हा शब्द त्या एका लिंबाचा नाही, सगळ्यांचा मिळून आहे, हे त्याला अजून उमगलेलं नसतं.

कॅरेन विन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९०च्या सुमारास याच ‘इतके दे’ प्रकारच्या चाचणीतून दाखवलं, की मुलांना आधी ‘एक’चा अर्थ कळतो, मग ‘दोन’चा, मग ‘तीन’चा, आणि प्रत्येक पायरीला महिने लागतात. पूर्ण उलगडा बहुतेकांना साडेतीन-चारच्या आसपास होतो. शंभरची घोकंपट्टी या पायऱ्या गाळू शकत नाही.

मराठीत तर हे पाठांतर जास्तच जड. ‘तेवीस’ म्हणताना तीन आधी ऐकू येतो आणि लिहिताना दोन आधी येतो. ‘एकोणतीस’मध्ये कानावर तीस पडतं, कागदावर २९ असतं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस तीन’ असं संख्यावाचन आलं तेव्हा केवढा वाद झाला! तो बदल दुसरीतल्या मुलांसाठी होता. सात वर्षांची मुलं जिथे अडखळतात, ते अडीच वर्षांच्या मुलाकडून घोटून घेण्यात काय हशील?

त्याऐवजी जांभळी नाक्याच्या बाजारातून आणलेली भाजीची पिशवी मुलासमोर रिकामी करा. दोन बटाटे वेगळे ठेवा. आधी सांगा, “दोन बटाटे.” मग एकेकाला हात लावून, सरकवत मोजा: “एक, दोन.” शेवटी हात दोन्हींवरून फिरवून पुन्हा, “दोन.” आधी एकूण, मग मोजणी, मग परत एकूण. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण नुसतं मोजून थांबलं की मुलाला फक्त गाणं ऐकू जातं. मोजलेली वस्तू ताटलीत सरकवली की तीच दोनदा मोजली जात नाही. ‘दोन’ पक्कं होईपर्यंत तीनकडे जाऊ नका. चुकलं तर “नाही, चूक” म्हणू नका. स्वतः दोन उचला, “हे बघ, दोन” म्हणा आणि विषय सोडून द्या.

जेवणाची पानं घेणं याहून सोपं. चार ताटं मांडा आणि मुलाच्या हाती पाच वाट्या द्या: “प्रत्येक ताटात एक ठेव.” एक वाटी उरली की मूल थबकतं, वाटीकडे बघतं, ताटांकडे बघतं. तिथे आपण गप्प बसायचं. आकडा एकही न उच्चारता जोडीला जोडी लावण्याचं गणित त्या थांबण्यात होत असतं, आणि आपण घाईनं “एक जास्त आहे ना!” म्हटलं की ते हिरावून घेतो.

‘रोज फ्लॅशकार्ड, नाहीतर अ‍ॅप’

कार्डावरचा ‘३’ ही एक खूण आहे, ‘क’सारखीच. ती ओळखली म्हणून तीन कळले असं होत नाही. लिफ्टमधली बटणं आणि ठाण्याच्या टीएमटी बसचे नंबरही तसेच: बसचा नंबर हे नाव आहे, मोजणी नाही. ते जरूर वाचून दाखवा, पण मोजायला जिना वापरा. एक पाऊल, एक शब्द. पाऊल पडेपर्यंत पुढचा आकडा नाही.

आकारांच्या कार्डांत दुसरी खोट असते. त्रिकोण नेहमी तळावर बसलेला, तिन्ही बाजू सारख्या. मग टोक खाली केलं की मूल म्हणतं, हा त्रिकोण नाही. कागदाचे लांबट, रुंद, तिरके असे चार-पाच त्रिकोण कापा आणि फिरवत ठेवा. पोळीच्या चतकोराला मात्र त्रिकोण म्हणू नका. त्याची एक बाजू गोल असते, आणि हा फरक बोटानं कड चाचपून मुलाला कळतो.

अ‍ॅपबद्दल थोडक्यात: जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार एक वर्षाच्या मुलासाठी स्क्रीन नकोच, आणि दोन ते चार वयात दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही कमी तितका चांगला.

‘बोटांवर मोजू देऊ नका’

हे सगळ्यात घातक. बोटं म्हणजे मुलाकडे कायम असलेलं, न हरवणारं साधन. पुढे जाऊन ते आपोआप सुटतं. एवढंच, की आजीसारखं अंगठ्यानं पेरं मोजायला आत्ता शिकवू नका. त्यात किती झाले ते नजरेला दिसत नाही. आख्खी बोटं उघडली की तीन हे तीन म्हणून एका नजरेत दिसतात. आणि दोन दाखवताना कधी तर्जनी-मधलं, कधी दोन्ही हातांचं एकेक बोट उभं करा, म्हणजे ‘दोन’ एका विशिष्ट मुद्रेला चिकटत नाही.

‘किट घ्या’

गरज नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, बोर्डीला आणि पुढे कोसबाडला, महागड्या साधनांऐवजी आसपास मिळणाऱ्या वस्तूंवर बालशिक्षण उभं केलं. घरात स्टीलचे एकात एक बसणारे डबे असतातच. सुरुवात तीन डब्यांनी करा, आकारात ठळक फरक असलेल्या. सगळे एकदम दिले की मूल नुसतं आपटत बसतं. तीन जमले की मधल्या मापाचा चौथा द्या. तो नेमका कुठे बसवायचा, हीच खरी अडचण, आणि तिथे वेळ लागू द्या.

बिया, शेंगदाणे, हरभरे, मणी मात्र या वयात नकोत. सुमारे सव्वातीन सेंटीमीटर व्यासाच्या नळीत मावणारी कोणतीही वस्तू घशात किंवा श्वासनलिकेत अडकू शकते. लहान लिंबंही मापून घ्या; शंका आली तर बटाटे, मोजे, वाट्या बऱ्या. बटण-सेल आणि छोटे चुंबक तर हाताला लागतील असे ठेवूच नका. पाणी मापण्याचा खेळ अंघोळीच्या वेळी, मोठं माणूस हाताच्या अंतरावर असतानाच.

‘पाच वर्षांनंतर उशीर’

पाच वर्षांपर्यंत मेंदूचा आकार प्रौढ मेंदूच्या बराच जवळ पोचतो, हे बरोबर. पण आकार म्हणजे शिकणं नव्हे. संख्येची समज त्यानंतरही अनेक वर्षं घडत राहते. ‘दोन’पाशी मूल तीन महिने रेंगाळलं तर ते मागे पडलेलं नसतं. दोन पक्कं झाल्याची खूण अशी: “दोन दे” म्हटल्यावर ते दोन उचलतं आणि हात थांबवतं, आपण हात पुढे करून ठेवला तरी तिसरा देत नाही. त्या दिवशी तिसरा बटाटा मोजायला घ्या.