'एकच सिनेटर गेला' म्हणे!

न्यू जर्सीतल्या आतेभावाने घरच्या ग्रुपवर एक लांबलचक फॉरवर्ड टाकला: डेमोक्रॅटिक पक्षाचा 'लपवलेला इतिहास'. असलं काही मी न वाचताच पुढे सरकवतो. पण अकरावीतल्या भाचीने तो वादविवाद स्पर्धेसाठी वहीत उतरवून घेतला आणि "मामा, आकडे बरोबर आहेत ना?" असं विचारलं, तेव्हा वाचणं भाग पडलं. दावे थोडक्यात असे: कृष्णवर्णीयांवर दहशत बसवणारी गोऱ्यांची संघटना कु क्लक्स क्लान डेमोक्रॅटांनी स्थापली. वर्णभेदाला बंदी घालणारा १९६४चा नागरी हक्क कायदा रिपब्लिकनांनी केला, डेमोक्रॅटांनी अडवला. पक्षांचे मतदार इकडचे तिकडे झाले ही प्राध्यापकांची थाप, कारण 'एकच सिनेटर पक्ष सोडून गेला'. कृष्णवर्णीयांची मतं तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी सरकारी पैशाने विकत घेतली. आणि शेवटी, १९८०च्या दशकातले रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष रेगन इतके लोकप्रिय होते की देश तेव्हाच कायमचा रिपब्लिकन झाला.

क्लानचं आधी उरकतो. १८६५च्या डिसेंबरात टेनेसीतल्या पुलास्की गावी, यादवी युद्ध हरलेल्या दक्षिणेच्या काही सैनिकांनी ती काढली. पुढे तिने डेमोक्रॅटांच्या फायद्यासाठी खून पाडले, हे निर्विवाद. पण १९२०च्या दशकात त्याच नावाने पुन्हा उभी राहिलेली क्लान इंडियानामध्ये रिपब्लिकन पक्षात घुसली होती. तिथला गव्हर्नर एड जॅक्सन रिपब्लिकन, आणि क्लानच्या जोरावर निवडून आलेला. जिथे ज्याची सत्ता तिथे ती त्याच्या वळचणीला.

आता १९६४चा कायदा. इथे फॉरवर्डवाल्याने खोटं लिहिलेलं नाही, हीच त्याची हुशारी. सिनेटमध्ये ३३पैकी २७ रिपब्लिकनांनी बाजूने मत दिलं आणि ६७पैकी ४६ डेमोक्रॅटांनी. म्हणजे ८२ टक्के विरुद्ध ६९ टक्के. रिपब्लिकन नेते एव्हरेट डर्कसन यांनी साथ दिली नसती तर विरोधकांनी भाषणांवर भाषणं करून लावलेली लांबण मोडून विधेयक मताला आलंच नसतं. मान्य.

पण मतदानाची नोंद आमदार-खासदारांच्या भाषणांसारखी हवेत विरत नाही. नावानिशी, राज्यानिशी छापलेली आहे, कुणीही उघडून बघावी. गुलामगिरीसाठी फुटून निघालेली ११ दक्षिणी राज्यं बाजूला काढली की काय दिसतं? उरलेल्या राज्यांतल्या ४६ डेमोक्रॅटांपैकी ४५ बाजूने. रिपब्लिकन ३२पैकी २७. दक्षिणेत २१ डेमोक्रॅटांपैकी एकटा टेक्सासचा राल्फ यारबरो बाजूने, बाकी २० विरोधात. आणि दक्षिणेतला रिपब्लिकन? सबंध ११ राज्यांत होताच एक, टेक्सासचाच जॉन टॉवर, आणि त्यानेही विरोधातच मत दिलं. म्हणजे उत्तर वेगळी धरा की दक्षिण वेगळी, दोन्हीकडे डेमोक्रॅटांचं प्रमाण जास्त. एकत्र करा, की रिपब्लिकन पुढे. भांडण पक्षांचं नव्हतंच, प्रदेशांचं होतं, आणि दक्षिण तेव्हा जवळजवळ अख्खी डेमोक्रॅटांकडे होती. प्रतिनिधीगृहातही हेच चित्र आहे. फॉरवर्डने नेमका हा प्रदेशाचा रकाना गाळला. कायद्यावर सही करणारे जॉन्सन टेक्सासचे डेमोक्रॅट, हेही गाळलं.

'एकच सिनेटर गेला' हे वाक्य तर मला फारच आवडलं. अक्षरशः खरं आहे. साउथ कॅरोलायनाचे स्ट्रॉम थर्मंड १९६४च्या सप्टेंबरात रिपब्लिकन झाले. कायद्याच्या विरोधात मत दिलेल्या बाकी डेमोक्रॅट सिनेटरांपैकी कुणी रिपब्लिकन झालं नाही. एके काळी स्वतः क्लानमध्ये असलेले वेस्ट व्हर्जिनियाचे रॉबर्ट बर्ड तर २०१०मध्ये वारले तेव्हाही डेमोक्रॅटच होते. पण पक्षांतर म्हणजे पुढाऱ्यांनी मारलेली उडी, हा आपला महाराष्ट्री हिशेब तिथे लावू नये. आपल्याकडे पुढारी आधी जातात आणि मतदारांना सकाळी टीव्हीवर कळतं. तिथे मतदार आधी गेले. १९६४मध्ये रिपब्लिकन उमेदवार बॅरी गोल्डवॉटर देशभर आपटले. जॉन्सनना ६१ टक्के मतं. गोल्डवॉटर यांनी स्वतःच्या ॲरिझोनाखेरीज फक्त पाच राज्यं जिंकली: मिसिसिपी, अलाबामा, जॉर्जिया, लुइझियाना, साउथ कॅरोलायना. मिसिसिपीत तर ८७ टक्के मतं! जॉर्जिया त्याआधी कधीच रिपब्लिकन उमेदवाराकडे गेलं नव्हतं. त्याच वर्षी गोल्डवॉटर यांनी नागरी हक्क कायद्याच्या विरोधात मत दिलं होतं. बाकी कारण शोधायला प्राध्यापक कशाला हवा?

आता ज्या मुद्द्याने डोकं फिरलं तो. 'कृष्णवर्णीयांनी मतं विकली.' १९६४ साली मिसिसिपीत मताचं वय झालेल्या कृष्णवर्णीयांपैकी जेमतेम ७ टक्क्यांची नावं मतदार यादीत होती. साक्षरतेच्या नावाखाली घेतलेल्या परीक्षा, मतदानासाठी भरायचा कर, आणि तरीही कुणी नोंदणीला गेलाच तर नोकरी किंवा जीव जाण्याची भीती. त्याच उन्हाळ्यात तिथल्या नेशोबा काउंटीत मतदार नोंदणीच्या मोहिमेतल्या तीन तरुणांना मारून मातीच्या बंधाऱ्यात पुरलं. ज्यांना मतच देऊ दिलं जात नव्हतं ते मत विकणार कुठून? १९६५चा मतदान हक्क कायदा आला आणि दोन-तीन वर्षांत तोच आकडा ६०च्या आसपास गेला.

शिवाय क्रमही उलटा लावलाय. १९३२च्या मंदीतसुद्धा बहुतेक कृष्णवर्णीय मतदार लिंकनच्या, म्हणजे रिपब्लिकन, पक्षालाच चिकटून होते. १९३६मध्ये ते मोठ्या संख्येने डेमोक्रॅट रुझवेल्टकडे वळले, आणि हो, सरकारी कामांमुळे पोटाला मिळालं हे त्याचं एक कारण होतंच. पण त्याच योजनांचे पैसे दक्षिणेतल्या गोऱ्या शेतकऱ्यांनीही घेतले; त्यांना कुणी विकाऊ म्हणत नाही. तरीही १९६०मध्ये रिपब्लिकन उमेदवार निक्सनना गॅलप या मतचाचणी संस्थेच्या हिशेबाने ३२ टक्के कृष्णवर्णीय मतं होती. चार वर्षांनी गोल्डवॉटरना ६. मेडिकेअर आणि मेडिकेड या सरकारी आरोग्य योजनांवर सही झाली १९६५च्या जुलैत, म्हणजे १९६४चं मतदान उरकल्यावर. हे कुठल्या प्रकारचं विकत घेणं?

(त्याच १९६५च्या ऑक्टोबरात जॉन्सन यांनी देशनिहाय कोटे मोडणाऱ्या स्थलांतर कायद्यावर सही केली. त्यालाही विरोध मुख्यतः दक्षिणेतूनच झाला. आतेभाऊ एडिसनमध्ये घर घेऊन बसलाय तो त्या कायद्याने उघडलेल्या वाटेने.)

रिपब्लिकनांचंच तोंडचं हवं असेल तर तेही आहे. २००५च्या जुलैत पक्षाचे राष्ट्रीय अध्यक्ष केन मेलमन यांनी कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या जुन्या संघटनेच्या, एनएएसीपीच्या, अधिवेशनात सांगितलं की आपल्या पक्षातल्या काहींनी वांशिक दुहीचा राजकीय फायदा उठवायचा प्रयत्न केला आणि ते चूक होतं. जी गोष्ट घडलीच नाही तिची कबुली पक्षाध्यक्ष कशाला देईल?

राहिली लोकप्रियता. ४९ राज्यं १९८४मध्ये रेगननी जिंकली, तशी १९७२मध्ये निक्सननीही जिंकली होती. पावणेदोन वर्षांत निक्सन २४ टक्के पसंतीवर राजीनामा देऊन घरी गेले. रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष थोरल्या बुशना आखाती युद्धानंतर, १९९१च्या मार्चमध्ये, गॅलपने ८९ टक्के पसंती दाखवली. पुढच्याच वर्षी निवडणुकीत ३७ टक्के मतं पडली. आणि रेगनच्या आठही वर्षांत प्रतिनिधीगृहात बहुमत डेमोक्रॅटांचंच राहिलं, कारण दक्षिणेतला मतदार राष्ट्राध्यक्षपदासाठी रिपब्लिकनाला आणि खासदारकीसाठी आपल्या जुन्या डेमोक्रॅटला मत देत होता. यादवी युद्धानंतरची काही वर्षं सोडली तर दक्षिणेतल्या बहुसंख्य जागा रिपब्लिकनांना पहिल्यांदा मिळाल्या त्या १९९४मध्ये, रेगन निवृत्त होऊन गेल्यावर.