सर्जनशील आरोग्यशिक्षण कसे करावे

नर्सिंग कॉलेजात शिकवता? कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकची टीम येणार आहे आणि ‘नावीन्यपूर्ण अध्यापनपद्धती’ची फाइल रिकामी? घाबरू नका.

आधी फ्लेक्स छापा. विषय मागाहून सुचतो.

रांगोळी स्पर्धा ठेवा. क्षयरोगाचं फुप्फुस फार किचकट, म्हणून एड्सची लाल रिबन घ्या. पोरी दहा मिनिटांत मोकळ्या.

पथनाट्य तर हवंच, आणि त्यात यमराज हवा. 15 ऑक्टोबरला, जागतिक हात धुणे दिनी, आम्ही वस्तीत केलं तसं करा. नळाला तीन दिवसांआड पाणी, ते येण्याच्याच वेळेला डफ वाजवत जा. काजळाच्या मिशीचा यमराज ओरडतो, ‘साबण लावा, वीस सेकंद हात चोळा!’ कडेवर कळशी घेतलेल्या एका आजींनी विचारलं, ‘बाय, तेवढा येळ नळ चालूच ठिवायचा का गं?’ यमराज गप्प. हात ओले करून नळ बंद करायचा, मग चोळायचे, हे आमच्या संवादांत नव्हतंच! तिथेच थांबून बायकांशी बोलायचं होतं : तांब्याभर पाण्यात कसं भागवता, नळ कुणाच्या दारापर्यंत येतो, कुणाच्या नाही. वर्षभराच्या लेक्चरांत जमलं नाही ते त्या दहा मिनिटांत झालं असतं. पण वरून हुकूम आला : ‘मॅडम, फोटोत आजींची पाठ आलीय. जिओटॅग लावून परत घ्या.’ आजींना बाजूला सरकवलं. घेतला परत.

अहवालात लाभार्थी दीडशे लिहा. होते अकरा, त्यात आमचा ड्रायव्हर.

विद्यार्थिनींचं ‘चिंतन’ एकीने लिहावं, बाकीच्यांनी उतरवावं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 1986 च्या ओटावा सनदेतली आरोग्यसंवर्धनाची पाच कामं पोरींना तोंडपाठ आहेत. धोरण, परिस्थिती, लोकांची सामूहिक कृती, व्यक्तीची कौशल्यं, आरोग्यसेवेला नवी दिशा. आपण त्यातलं चौथं तेवढं उचललं, तेही मिशी लावून. लोकांना अक्कल शिकवली की झालं आरोग्यसंवर्धन!

पुरे झाली थट्टा. नाटक वाईट नाही हो, पोरींनी जीव ओतला होता. लाज आपल्याला वाटायला हवी. आपल्याच कॉलेजच्या बेसिनवर जूनपासून साबण नाही. मागणीपत्र मी तीनदा दिलंय. वॉर्डातून आलेल्या पोरी तिथे नुसत्या पाण्याखाली हात धरतात आणि डबे उघडतात, आणि त्याच बेसिनवर हात धुण्याचा फ्लेक्स लावलाय. त्याचं बिल कसं दोन दिवसांत पास झालं?