आराकोक्राचे पंख आणि ‘पुस्तकी डीएम’

नमस्कार. डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून पात्रं रंगवत खेळायच्या खेळात पहिल्या लेव्हलला आराकोक्रा, म्हणजे पंख असलेला पक्षीमानव, खेळू देऊ नये, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमची प्रतिक्रिया आली, “टेबल सांभाळता येत नाही तो डीएम रेसला दोष देतो. तुम्ही पुस्तकी दिसता.” (डीएम म्हणजे खेळ चालवणारा, रेस म्हणजे पात्राची जमात.)

मतभेद असू द्या हो, पण ओळखदेख नसताना ही काय बोलायची रीत झाली?

एक चूक मान्य. मिडियम किंवा हेवी आर्मर घातलं की आराकोक्राला उडता येत नाही, हे माझ्याकडून राहिलं.

आता ‘पुस्तकी’. २०१५ मध्ये ही रेस आली आणि त्याच पावसाळ्यात ती आमच्या जेवणाच्या टेबलावर होती. दर रविवारी, पाच खेळाडू. जंगलात तीन लांडगे अंगावर आले. आराकोक्रा पन्नास फूट वर गेला आणि लाँगबो चालवत बसला. लांडग्याला चावण्यापलीकडे काही येत नाही, म्हणजे तिन्ही लांडगे खालच्या चौघांच्याच वाट्याला. आमचा ड्वार्फ (बुटक्या जमातीचं पात्र) दुसऱ्या राउंडला शून्यावर आला, म्हणजे बेशुद्ध पडला. तो खेळवणारा मित्र डेथ सेव्ह, म्हणजे पात्र जगतं की मरतं ते ठरवणारे फासे, टाकत होता आणि वरचा विचारत होता, “मला अजून एकदाही लागलं नाही ना?” ड्वार्फवाला पुढचे दोन रविवार आलाच नाही. त्याची कॅरेक्टर शीट अजून माझ्या फाइलमध्ये आहे. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलं, ते जरा सांगा.

‘धनुष्यवाले शत्रू ठेवा’ म्हणता. म्हणजे एकासाठी प्रत्येक लढाईत तिरंदाज आणायचे आणि ते बाण चौघांनीही खायचे? आणि विझर्डला, म्हणजे जादूगाराला, ‘फ्लाय’ हा उडण्याचा मंत्र मिळतो पाचव्या लेव्हलला, तोही जास्तीत जास्त दहा मिनिटं. वर कॉन्सन्ट्रेशन (मंत्रावरची एकाग्रता) तुटलं की उडणारा खाली पडतो. उडण्याची किंमत खेळानेच अशी ठरवली आहे, मी नाही. आराकोक्राला तेच पहिल्या दिवसापासून फुकट, आणि २०१५ च्या नियमांत तर दर खेळीला पन्नास फूट वेगाने.



माझ्या टेबलावर आराकोक्राला पाचव्या लेव्हलपर्यंत फक्त तरंगत उतरता येतं, आणि पुढच्या कॅम्पेनलाही (सलग चालणाऱ्या कथेलाही) हाच नियम राहील. तुम्हाला पुन्हा लिहायचं असेल तर जरूर लिहा, पण आधी तो ‘पुस्तकी’ शब्द मागे घ्या.