सॉलोमनचा विधी आणि शुक्रवारची तालीम

फ्रीमेसन, म्हणजे गुप्त विधींसाठी प्रसिद्ध असलेल्या एका बंधुसंघटनेचे सभासद, यांच्याबद्दलचा एक मजकूर बरेच दिवस फिरतो आहे. मलाच तो तिघांनी पाठवला, एकाने तर वर 'हे वाचच' असं लिहून. त्याचा गाभा असा: लंडनमध्ये 'लॉज ऑफ इन्स्ट्रक्शन' नावाचा मेसनांचा गुप्त वर्ग दर शुक्रवारी भरतो. तिथे राजा सॉलोमनच्या काळापासून अक्षरही न बदललेला विधी गुरुमुखातून दिला जातो. तो कधीच कागदावर उतरलेला नाही. गुपित फोडणाऱ्याचा गळा चिरण्याची शपथ घ्यावी लागते. आणि इथे तयार झालेली माणसं पुढे सत्तेच्या खुर्च्यांवर नेऊन बसवली जातात.

मी मेसन नाही, व्हायची हौसही नाही. पण या वर्गाचा खरा इतिहास दंतकथेपेक्षा जास्त रंगतदार आहे, आणि तोच नेमका या मजकुरात गायब आहे.

आधी हा वर्ग म्हणजे काय ते. एका शब्दात सांगायचं तर तालीम. मेसनांच्या लॉजमध्ये, म्हणजे स्थानिक शाखेत, मास्टर, दोन वॉर्डन, दोन डीकन असे पदाधिकारी असतात आणि वर्षावर्षाला माणसं एकेक पद वर सरकतात. प्रत्येक पदाचं वेगळं पाठांतर. मास्टरच्या वाट्याला तर पानंच्या पानं येतात, आणि ती हातात वही न घेता म्हणायची अशी अपेक्षा असते. त्यासाठी ही तालीम. ज्याला दीक्षा मिळून वीस वर्षं झाली आहेत असाच कोणीतरी सभासद उमेदवार होऊन उभा राहतो. डीकन त्याला हाताला धरून खोलीभर फिरवतो, डावा पाय आधी टाकायचा हे दहाव्यांदा सांगतो. मास्टर बोलता बोलता अडतो, डोळे छताकडे जातात, आणि बाजूला बसलेला प्रिसेप्टर पुढचा शब्द पुरवतो. तालीम मास्तर आणि प्रॉम्प्टर एकच माणूस, असं समजा. या सगळ्या खटाटोपात कोणीही खरोखर मेसन होत नाही. दीक्षा देण्याचा अधिकारच या वर्गाला नाही.

मजकुरातला शुक्रवार मात्र बरोबर आहे. एम्युलेशन लॉज ऑफ इम्प्रूव्हमेंट हा या प्रकारातला सर्वांत नावाजलेला वर्ग २ ऑक्टोबर १८२३ रोजी लंडनमध्ये सुरू झाला. ग्रेट क्वीन स्ट्रीटवरच्या फ्रीमेसन्स हॉलमध्ये तो हंगामात शुक्रवारी संध्याकाळी भरतो. तिथे दीक्षेच्या तीन पायऱ्यांपैकी तिसरी गाठलेल्या मेसनांनाच प्रवेश असतो, हेही खरं.

आता सॉलोमन. इंग्लंडमधल्या पहिल्या ग्रँड लॉजची, म्हणजे सगळ्या लॉजच्या वरच्या संस्थेची, परंपरेने सांगितली जाणारी स्थापना १७१७ची. काही अभ्यासक ती १७२१ला ओढतात. १७२३मध्ये छापलेल्या मेसनांच्या पहिल्या नियमपुस्तकात तीन पायऱ्यांची पद्धत अजून बसलेली दिसत नाही. मंदिराचा मुख्य कारागीर हिराम याच्या खुनाची कथा, जिच्यावर तिसरी पायरी उभी आहे, ती छापील रूपात पहिल्यांदा समोर येते १७३०मध्ये. कथा सॉलोमनच्या मंदिरात घडते हे कबूल. पण नाटकातला राजा पुराणातला असला म्हणून नाटक पुराणकाळात लिहिलेलं ठरत नाही.

खरी गंमत 'अक्षरही बदललं नाही' या दाव्यात आहे, कारण हा वर्ग जन्मालाच आला तो बदलांमुळे.

१७५१पासून इंग्लंडमध्ये दोन ग्रँड लॉज एकमेकांच्या उरावर बसलेल्या होत्या. नव्याने निघालेल्यांनी स्वतःला 'एन्शंट' म्हणवलं आणि जुन्यांना 'मॉडर्न' म्हणून हिणवलं. नावं अगदी उलटी, आणि तरी चिकटली. एन्शंटांची मुख्य तक्रार अशी की मॉडर्नांनी विधी बिघडवला. त्यात तथ्यही होतं. फुटलेल्या माहितीच्या जोरावर भलतेच लोक मेसन म्हणून आत शिरू नयेत म्हणून मॉडर्नांनी पहिल्या दोन पायऱ्यांचे खुणेचे शब्द चक्क अदलाबदल केले होते. समेटाच्या तयारीसाठी मॉडर्नांनी १८०९मध्ये एक खास लॉज नेमला आणि जुन्या रीतीकडे परत वळायला सुरुवात केली. २७ डिसेंबर १८१३ला दोन्ही ग्रँड लॉज एक झाल्या. प्रमुख म्हणून एकीकडे ड्यूक ऑफ ससेक्स, दुसरीकडे ड्यूक ऑफ केंट, दोघे सख्खे भाऊ, तिसऱ्या जॉर्जचे मुलगे.

सह्या झाल्या, पण उद्या लॉजमध्ये म्हणायचं काय? त्यासाठी दोन्हीकडची माणसं घेऊन 'लॉज ऑफ रिकन्सिलिएशन' बसवला. त्यांनी दोन्ही विधींमधून एक समाईक पाठ घडवला आणि ठिकठिकाणच्या लॉजच्या प्रतिनिधींना करून दाखवला. विधीतले ख्रिस्ती उल्लेख याच काळात बरेचसे गेले. हा पाठ सर्वांनी मुकाट्याने घेतला असंही नाही. काही जुन्या खोडांनी उघड विरोध केला. शेवटी जून १८१६मध्ये ग्रँड लॉजने तो मंजूर केला, तोही तिसऱ्या पायरीत फेरफार सुचवून.

आणि हा मंजूर पाठ अधिकृतपणे लिहून ठेवला गेला नाही! माणसांनी पाहायचं, ऐकायचं, आणि आपापल्या गावी जाऊन आठवेल तसं सांगायचं. पुढे काय होणार ते कोणीही सांगेल. म्हणून हे वर्ग निघाले. १८१७मध्ये रिकन्सिलिएशनमध्येच काम केलेल्या फिलिप ब्रॉडफूटने 'स्टेबिलिटी' वर्ग काढला. सहा वर्षांनी एम्युलेशन आला. त्याचा भर सुरुवातीला प्रश्नोत्तरांच्या स्वरूपातल्या व्याख्यानांवर होता, प्रत्यक्ष विधींची तालीम नंतर रुळली. १८२५मध्ये विधी शिकवणारा पीटर गिल्क्स तिथे आला आणि १८३३मध्ये मरेपर्यंत त्या वर्गावर त्याचाच शिक्का राहिला.

थोडक्यात, या लोकांची शब्दाशब्दाची काळजी पाठ फार जुना म्हणून नव्हती, तो अगदी ताजा होता म्हणून होती. तडजोडीतून नुकता बनलेला, लेखी आधार नसलेला, दोन्ही बाजूंच्या म्हाताऱ्यांना जुनी सवय सुटत नसलेला पाठ. जरा ढिलाई केली असती तर दहा वर्षांत विस्कटला असता.

तरीही तो थोडा विस्कटलाच. स्टेबिलिटी आणि एम्युलेशन, दोघेही १८१६चा वारसा सांगतात आणि दोघांच्या पाठात फरक आहेत. खरा कोणाचा, हे ठरवायला मूळ प्रतच नाही. त्याशिवाय टेलर्स, लॉजिक, वेस्ट एंड अशा आणखी पद्धती आहेत, ब्रिस्टलची तर तऱ्हाच निराळी. इंग्लंडची ग्रँड लॉज यातली कुठलीही एक सक्तीची करत नाही.

'कधीच लिहिला गेला नाही' हे म्हणणं मेसनांनाच सगळ्यात जास्त आवडलं असतं. लिहिण्या-छापण्याविरुद्ध शपथ होती हे खरं. पण १७३०मध्येच सॅम्युएल प्रिचर्डने 'मेसनरी डिसेक्टेड' ही पुस्तिका काढून सगळं चव्हाट्यावर मांडलं आणि तिच्या लगोलग आवृत्त्या निघाल्या. ती घेणाऱ्यांत मेसनही असणार असा माझा दाट संशय आहे, पाठांतराला तेवढाच आधार. १८३८मध्ये तर जॉर्ज क्लॅरेट या मेसननेच विधी छापला, नाजूक जागी शब्द गाळून. पुढे नुसत्या आद्याक्षरांच्या छोट्या पुस्तिकांची रीतच पडली. माहीत असलेल्याला वाचता यावं, नसलेल्याला कोडं वाटावं. एम्युलेशनने स्वतःच्या संमतीने आपला पाठ छापू दिला तो मात्र थेट १९६९मध्ये. सुमारे दीडशे वर्षं हट्ट धरला म्हणायचा.

गळा चिरण्याची भाषा शपथेत होती, ते नाकारण्यात अर्थ नाही. १९६४मध्ये तिला सौम्य पर्याय दिला गेला आणि जून १९८६मध्ये ग्रँड लॉजने ती शपथेतून काढूनच टाकली. म्हणजे तीसचाळीस वर्षं घोटून पक्कं केलेलं वाक्य म्हाताऱ्या मास्टरांना विसरायला शिकावं लागलं. पाठ केलेल्या माणसाला विचारा, शिकण्यापेक्षा हे कितीतरी अवघड.

गुप्ततेबद्दल थोडंच. १७९९च्या बेकायदा संघटनांविरुद्धच्या कायद्यात मेसनांना सूट मिळाली ती एका अटीवर. प्रत्येक लॉजने दरवर्षी सभासदांची नावं, पत्ते, व्यवसाय सरकारी कारकुनाकडे नोंदवायचे. हा कायदा १९६७पर्यंत होता. तालमीच्या वर्गालाही कुठल्यातरी सनदी लॉजची मंजुरी लागते आणि कामकाजाची नोंद ठेवावी लागते.

राहिल्या सत्तेच्या खुर्च्या. मेसनांनी एकमेकांना नोकऱ्या-बढत्यांत हात दिला का, हा रास्त प्रश्न आहे आणि ब्रिटनमध्ये तो अनेकदा जाहीरपणे विचारला गेला आहे. पण त्याचं उत्तर तालमीच्या खोलीत शोधून सापडणार नाही. तिथे मिळणारी खुर्ची फार तर आपल्या लॉजच्या मास्टरची, तीही बहुधा वर्षभरापुरती. एम्युलेशनमध्ये एखाद्याने मास्टर म्हणून अख्खा विधी एकाही शब्दाची दुरुस्ती न होता पार पाडला, तर त्याला चांदीची काडेपेटी देतात. ही प्रथा १८९७पासूनची आहे, आणि नुसती एक काडी विझली म्हणावी इतकी बारीक चूक झाली तरी ती पेटी हातची जाते.