मेकॉले त्या दिवशी लंडनमध्ये नव्हताच

इंदूरच्या मराठी ग्रुपांवर एक चित्र वर्षानुवर्षं फिरतंय. पिवळट कागद, कोपऱ्यात इंग्रजी शिक्षणाचा पुरस्कर्ता इंग्रज अधिकारी मेकॉले याचा चेहरा आणि खाली मजकूर : ‘मी भारताच्या कानाकोपऱ्यात फिरलो, पण एकही भिकारी, एकही चोर दिसला नाही. या देशाचा कणा मोडायचा तर त्याची जुनी शिक्षणपद्धती बदलायला हवी. – लॉर्ड मेकॉले, ब्रिटिश संसद, 2 फेब्रुवारी 1835.’ त्याखाली गुरुकुलांचे गोडवे, ‘शंभर टक्के साक्षरता’ होती असा दावा आणि शेवटी ‘10 जणांना पाठवा’. आजवर दुर्लक्ष केलं. आता हेच भाचीच्या वक्तृत्व स्पर्धेच्या भाषणात येऊन बसलंय, म्हणून लिहितो.

आधी तारीख. ती खरी आहे आणि सगळी गंमत तिथेच आहे. 2 फेब्रुवारी 1835 ला मेकॉलेनं शिक्षणावरचं आपलं प्रसिद्ध टिपण लिहिलं, ते कलकत्त्यात. जून 1834 मध्ये तो मद्रासला उतरला होता आणि परत गेला थेट 1838 मध्ये. शिवाय त्या 2 फेब्रुवारीला इंग्लंडात निवडणूक चालू होती; नवी संसद भरली 19 फेब्रुवारीला. तपासायचं असेल तर संसदेच्या कामकाजाचा वृत्तांत, म्हणजे हॅन्सार्ड, 1803 पासून इंटरनेटवर फुकट आहे. 1830 चं दशक उघडा, मग 1835, मग फेब्रुवारी. आणि ‘लॉर्ड’? ती पदवी त्याला 1857 मध्ये मिळाली.

कानाकोपऱ्यात फिरला म्हणे. तोवर त्याचा मोठा प्रवास म्हणजे मद्रासहून मेण्यात बसून उटीला गव्हर्नर जनरल बेंटिंकच्या भेटीला जाणं, आणि पुढे जहाजानं कलकत्ता. माळवा, म्हणजे आपल्या इंदूरचा मुलूख, त्यानं नकाशावर पाहिला असेल तेवढाच.

आता ते ‘एकही भिकारी, एकही चोर नाही’. हे माळव्यात राहणाऱ्या माणसानं पुढे पाठवावं याची कमाल वाटते. 1835 च्या जेमतेम 17 वर्षं आधी पेंढाऱ्यांचा बंदोबस्त करायला इंग्रजांनी लाखावर फौज उतरवली होती, ती याच मुलखात. ठगांच्या मागे स्लीमन हा इंग्रज अधिकारी लागला होता तो याच बेंटिंकच्या अमदानीत, आणि 1836 मध्ये ठगीचा स्वतंत्र कायदा झाला. खुद्द मेकॉले कायदा आयोगाचा अध्यक्ष होता; दंडसंहितेचा मसुदा त्यानं 1837 मध्ये सादर केला. त्यातूनच पुढे 1860 ची भारतीय दंडसंहिता आली, जिच्यातलं चोरीचं 379 कलम 2024 पर्यंत आपल्या पोलिस ठाण्यांत लागत होतं. चोरच नव्हते तर हा खटाटोप कुणासाठी? भिकाऱ्यांचं म्हणाल, तर ज्या गुरुकुलांचे गोडवे हाच मेसेज खाली गातो, तिथले विद्यार्थी भिक्षा आणि माधुकरी मागूनच शिकत होते. त्यात कमीपणा नव्हता, पण दारोदार झोळी घेऊन फिरणारी मुलं दिसली नाहीत असं कसं म्हणणार?

हे खोटं टिकतं याला कारण त्याचं रूप. चित्रातला मजकूर सहज कॉपी होत नाही, म्हणून शोधायचा कंटाळा येतो. कुणी मराठीत टाइप करून शोधलाच तर याच मेसेजच्या नकला सापडतात आणि त्यांची संख्याच पुरावा वाटते. मराठीत शोधूच नका. हाच मजकूर इंग्रजीतही फिरतो; त्यातले सलग पाच-सहा शब्द अवतरणचिन्हांत घालून गूगल बुक्सवर टाका, वर्षं 1835 ते 1900 ठेवा. हाती काही लागत नाही.

एक मात्र कबूल करावं लागेल : मेकॉलेला आपल्याबद्दल प्रेम नव्हतं. खऱ्या टिपणात तो म्हणतो की चांगल्या युरोपीय ग्रंथालयाचं एक फडताळ भारत आणि अरबस्तानच्या सगळ्या साहित्याच्या तोडीचं आहे. आणि त्याच टिपणात सांगतो की मला संस्कृत येत नाही, अरबीही नाही. रक्तानं भारतीय पण आवडीनिवडीनं इंग्रज असा वर्ग घडवायचा, हेही तिथेच. भाषणात रागच काढायचा असेल तर हे घ्या, ते त्याचं स्वतःचं आहे.

गावोगावी शाळा होत्या, हेही खोटं नाही. बंगाल-बिहारात सुमारे 1 लाख शाळा असाव्यात असा अंदाज तिथल्या शाळांची पाहणी करणाऱ्या विल्यम अ‍ॅडमनं 1835 च्याच अहवालात दिलाय. पण ‘शंभर टक्के साक्षरता’ त्यातून निघत नाही.

राहिली शेवटची ओळ, ‘10 जणांना पाठवा’. ज्या मेसेजवर दुहेरी बाण (अनेकदा फॉरवर्ड झाल्याची खूण) आलाय, तो व्हॉट्सॲप एका वेळी एकाच चॅटमध्ये जाऊ देतं. दहादा तेच करत बसण्यापेक्षा हॅन्सार्डचं ते पान उघडायला कमी वेळ लागतो.