‘मार जास्त बसतो’ म्हणून मुलींनी कराटे शिकायचंच नाही का?

‘मुलींना कराटे शिकवून खोटा आत्मविश्वास देऊ नका. पुरुषाच्या ताकदीपुढे काही चालत नाही, प्रतिकार केला की मार जास्त बसतो आणि वर केस तिच्यावरच होते.’ पालकांच्या ग्रुपवर हा मजकूर सारखा फिरतो. मी मुलींना स्वसंरक्षण शिकवते. हे वाचून आईवडील मुलीला वर्गातून काढतात, म्हणून हे उत्तर.

आधी ताकदीचं. आपल्याला कुस्ती जिंकायची नसते, सुटायचं असतं. कुणी मनगट धरलं की त्याचा अंगठा एका बाजूला आणि बोटं दुसऱ्या बाजूला असतात. ती जिथे मिळतात तिथे पकड सगळ्यात कच्ची असते. आपल्या मनगटाची अरुंद कड तिकडे वळवायची, कोपर पुढे घालायचं आणि झटका द्यायचा. सराव असेल तर आठवीतली मुलगीसुद्धा यातून सुटते. सराव मात्र हवाच. एका दुपारच्या शिबिरात हे अंगवळणी पडत नाही. तेवढ्यावर प्रमाणपत्रं वाटणाऱ्यांबद्दलची भीती रास्तच आहे.

‘काही चालत नाही’ हे तर तपासून खोटं ठरलंय. कॅनडातल्या तीन विद्यापीठांत शार्लीन सेन आणि सहकाऱ्यांनी पहिल्या वर्षाच्या 893 विद्यार्थिनींचा अभ्यास केला. तो 2015 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आला. एका गटाला 12 तासांचं प्रशिक्षण दिलं, दुसऱ्याला नुसती माहितीपत्रकं. वर्षभरात बलात्काराचं प्रमाण माहितीपत्रकांच्या गटात 9.8 टक्के होतं, प्रशिक्षण घेतलेल्या गटात 5.2. बलात्काराचे प्रयत्न 9.3 टक्क्यांच्या जागी 3.4.

त्या 12 तासांत हातापायांचं काम थोडंच होतं. बराचसा वेळ धोका वेळेत ओळखण्यावर आणि ओळखीच्या माणसाला अडवताना वाटणारा संकोच मोडण्यावर गेला. आपल्याकडेही बलात्काराच्या दहातल्या नऊहून अधिक गुन्ह्यांत आरोपी ओळखीचाच निघतो. वर्गात पहिल्या दिवशी ‘मागे हो!’ असं ओरडायला सांगितलं की बहुतेक मुलींचा आवाज घशातच अडकतो, काही हसून वेळ मारून नेतात. तो आवाज पोटातून यायला लागला की मान वर होते, नजर समोर जाते. मी आत्मविश्वास म्हणते तो हा, आणि तो खोटा नाही.

मार जास्त बसतो? अमेरिकेतल्या गुन्हेपीडितांच्या सर्वेक्षणाचे आकडे टार्क आणि क्लेक यांनी 2004 मध्ये तपासले. इजा बहुतेक वेळा प्रतिकाराच्या आधीच झालेली होती.

राहिली केस. भारतीय न्याय संहितेच्या कलम 38 नुसार बलात्कार, अपहरण किंवा ॲसिड फेकण्याच्या हेतूने हल्ला झाला, तर स्वतःला वाचवताना हल्लेखोराचा जीव गेला तरी तो स्वसंरक्षणाचा हक्क ठरतो. अट एवढीच की बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही. म्हणून आम्ही पहिल्यापासून हेच घोटून घेतो: सुटलीस की मारत बसू नकोस, माणसं असतील तिकडे पळ आणि 112 ला फोन लाव.