तर्री उकळते, पण कांदा कच्चाच असतो

नाशिकच्या ग्रुपांवर हा मजकूर अधूनमधून फिरत असतो : ‘मिसळीची तर्री सतत उकळते, वडा कढत तेलातून निघतो, पाणीपुरीचं पाणी आंबट-तिखट असतं, बर्फात तर जंतू गोठूनच मरतात. गाडीवर बिनधास्त खा.’ चारही मुद्दे कच्चे आहेत.

उकळीचं आधी पाहू, कारण त्यात थोडं तथ्य आहे. साल्मोनेला, ई. कोलाय यांसारखे जंतू ७५ अंशांवर लगेच मरतात. पण बॅसिलस सेरियस आणि क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स यांचे बीजाणू, म्हणजे जाड कवचातली त्यांची झोपलेली रूपं, उकळत्या रश्श्यातही तग धरतात आणि रस्सा कोमट झाला की जागी होऊन वाढतात. दुपारी गिऱ्हाईक ओसरलं आणि उरलेलं मोठं पातेलं तसंच झाकून ठेवलं, की घोळ सुरू होतो. वरचा तेलाचा तवंग वाफ अडवतो, त्यामुळे रस्सा मधोमध तासन्‌तास कोमट राहतो. उकळीने त्यातली हवाही निघून गेलेली असते. परफ्रिंजन्सला नेमकं हेच लागतं. ४३ ते ४५ अंशांना तो दहा मिनिटांच्या आत दुप्पट होतो. दुसऱ्या दिवशी रस्सा खळखळून उकळला तर हा वाढलेला जंतू मरतो, नुसता गरम केला तर मरत नाही. सेरियसचं उलट्या करवणारं विष मात्र उकळूनही जात नाही. उकडून रात्रभर बाहेर ठेवलेले बटाटे आणि भात ही त्याची आवडती जागा.

म्हणून उरलेला रस्सा परातीत दोन इंचांपेक्षा कमी थरात ओतावा, परात बर्फाच्या पाण्यात ठेवावी आणि दोन तासांत ६० वरून २१ अंशांवर आणून मग फ्रिजमध्ये ठेवावी. नाशकातल्या एप्रिलमध्ये नुसत्या पंख्याने हे जमत नाही.

शिवाय मिसळ तर्रीवर थांबते कुठे? वर कच्चा कांदा, कोथिंबीर, दही पडतं. कांदा सकाळीच चिरून उघडा ठेवलेला, आणि सुट्टे पैसे देणारा हातच तो उचलतो. प्लेटमध्ये पडलेली तर्री भराभर निवते, तिच्याने कांदा शिजत नाही. कांदा थोडा थोडा चिरावा, चमच्याने घालावा आणि पैशांना वेगळा माणूस ठेवावा. हातमोजा घालून नोटा घेतल्या तर तो मोजाही हाताइतकाच घाण.

वड्याचं तेल १८० अंशांचं असलं तरी सारण तेवढं तापत नाही. फ्रिजमधून काढलेलं गार सारण मोठ्या वड्यात मधोमध ७० अंशही गाठेल याची खात्री नाही.

पाणीपुरीचा दावा सगळ्यात घातक. चिंच-लिंबाच्या आंबटपणाने जंतूंची वाढ मंदावते, पण असलेले जंतू तासन्‌तास जिवंत राहू शकतात. रक्ती आव करणाऱ्या शिगेलाचे १० ते १०० जंतूही माणसाला आजारी पाडायला पुरतात, वाढीची गरजच नाही. मिरचीच्या तिखटाने ते मरत नाहीत.

बहुतेक गाड्यांजवळ नळ नसतो, दिवसभराचं पाणी कॅनमधून आणावं लागतं. त्यामुळे दोष गाडीवाल्याच्या माथी मारून भागणार नाही. पाणी कसं शुद्ध करायचं ते नीट सांगायला हवं. २० लिटर स्वच्छ पाण्यात ४ टक्के तीव्रतेचं, बिनवासाचं सोडियम हायपोक्लोराइट (म्हणजे पातळ क्लोरीन) १ मिलिलिटर घालावं, ढवळून अर्धा तास थांबावं. चिंच, पुदिना, मसाला त्यानंतरच. आधी मसाला घातला तर क्लोरीन त्यातच खर्ची पडतं आणि जंतू वाचतात. इथेच बहुतेकांचं चुकतं. गढूळ पाण्याचंही तेच. तुरटीने गाळ खाली बसतो, पण ती क्लोरीनचं काम करत नाही. आणि पुरी हाताने माठात बुडवली तर ही सगळी मेहनत पाण्यात जाते. लांब दांड्याचा डाव हवाच.

बर्फात जंतू मरत नाहीत, थांबतात. ग्लासात वितळला की पुन्हा कामाला लागतात. खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घालण्याचा नियम २०१८ पासून आहे, त्यामुळे निळसर लादी सरबतासाठी फोडली जात असेल तर तिथे पिऊच नका. पांढरी लादीसुद्धा गोणपाटात गुंडाळून रस्त्यावर घासत आणली असेल, तर ती फक्त बाटल्या गार करायला वापरावी.